बारा जागा कोणाच्या?

महाराष्ट्र विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 30 आमदार निवडून देतात, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, 7 पदवीधर आणि 7 शिक्षक. उरलेल्या 12 राज्यपाल भरतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ व समाजसेवा यांतील जाणकारांना, निवडणुकीच्या धबडग्याशिवाय, कायदे करणाऱ्या सभागृहात बसता यावे म्हणून राज्यघटनेच्या कलम 171 मध्ये ही सोय आहे.

प्रत्यक्षात काय घडले? नोव्हेंबर 2020 मध्ये महाविकास आघाडी सरकारने या जागांसाठी नावे राजभवनावर पाठवली. ना होकार आला, ना नकार. 2022 मध्ये सरकारच बदलले आणि नव्या मंडळींनी ती यादी मागे घेतली. 15 ऑक्टोबर 2024 रोजी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. त्याच दिवशी राज्यपालांनी नेमलेल्या सात जणांचा शपथविधी उरकून घेण्यात आला. त्यांत कवी किंवा शास्त्रज्ञ शोधू नयेत, बहुतेक पक्षांचेच लोक होते. (जुन्या यादीतही राजकारणी होतेच, म्हणून आघाडीने फार गळा काढू नये.)

नियुक्तीला मुदतच नसल्याने हा खेळ कोणालाही खेळता येतो. संसदेने कलम 171 मध्ये ती मुदत घालावी.