मोनॅको पाहायचं तर लिफ्टने

दक्षिण फ्रान्सच्या सहलीत मोनॅकोच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. बस वरच्या बाजूला सोडते, गाइड घड्याळाकडे बोट दाखवते, मंडळी कॅसिनोच्या चौकात दुसऱ्याच्या फेरारीशेजारी उभी राहून फोटो काढतात, कॉफीचं बिल बघून दचकतात आणि संध्याकाळी नीसला परततात. मग घरी आल्यावर ऐकवतात, ‘‘मोनॅको ना? पैसेवाल्यांचं गाव. एकदा बघायचं आणि सोडून द्यायचं.’’ माझं मत जरा वेगळं आहे. असं बघायचं असेल तर एकदाही जाऊ नये. तसल्या गाड्या आता वांद्र्यालाही दिसतात. पण एक अख्खा दिवस हाताशी असेल आणि पायांत बळ असेल, तर मोनॅकोइतकं शिकवणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझी नोकरी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात झाली. त्यामुळे नवं गाव दिसलं की माझी नजर इमारतींकडे नंतर जाते. आधी फुटपाथ, उतार, पावसाचं पाणी कुठून वाहून जातं ते. आमच्याबरोबर आलेली माझी नणंद वैतागून म्हणाली, ‘‘अगं वहिनी, समोर एवढी रोल्स रॉइस उभी आहे आणि तू गटाराचं झाकण काय बघत बसलीस?’’ पण कुठल्याही गावाला माझे प्रश्न ठरलेले असतात. खिशात पैसे नसलेल्या माणसाला इथे चालता येतं का? बसता येतं का? प्यायला पाणी, जायला शौचालय आहे का? श्रीमंत गावाला तर हे प्रश्न आणखी कडकपणे विचारावेत. पैसे असलेल्यांची सोय कुठल्याही गावात होतेच, त्यात गावाचं कर्तृत्व काय?

मोनॅको हा अख्खा देश सुमारे दोन चौरस किलोमीटरचा. मागे आल्प्सचे कडे, पुढे भूमध्य समुद्र, मधे जी अरुंद पट्टी उरते तेवढाच. राहणारे साधारण ३८ हजार. त्यांपैकी मूळचे नागरिक दहा हजारांच्या आत. घरांची सरासरी किंमत चौरस मीटरला ५० हजार युरोंच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबात चौरस फुटाला चार लाख रुपयांहून जास्त. एवढी महाग जमीन आणि तीही उभ्या चढाची. समुद्राकाठून वरच्या रस्त्यावर जायचं म्हणजे कित्येक मजले चढणं.

आणि इथेच ते गाव मला आवडायला लागलं. रस्त्याच्या कडेला, कातळाच्या पोटात, एखाद्या इमारतीच्या बगलेला, जागोजागी सार्वजनिक लिफ्ट आहेत. कितीतरी डझन. शिवाय सरकते जिने. सगळं फुकट. कोणी पास विचारत नाही, कुठल्या सोसायटीचे म्हणून हटकत नाही. एका लिफ्टमध्ये माझ्याबरोबर लहानशा कुत्र्याला घेतलेली मोत्यांच्या माळेतली आजी होती, बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक बाई होती आणि रंगाचे डबे घेतलेला एक कामगार. तिघं एकाच बटणाने वर गेली. त्या उतारावर गुडघेदुखीवाल्या माझ्या नवऱ्याने दिवसभरात कुरकुर केली नाही, ही माझ्या दृष्टीने त्या संस्थानाची मोठी कामगिरी. लार्वोटोचा समुद्रकिनाराही सगळ्यांना खुला आहे. बसायला बाकं, प्यायच्या पाण्याचे नळ, स्वच्छ शौचालयं, सगळं मिळालं. माझ्या परीक्षेत गाव पास.

हे वैभव आलं कुठून, तेही बघण्यासारखं आहे. इथलं राजघराणं ग्रिमाल्डी. ते १२९७ मध्ये इथल्या किल्ल्यात शिरलं ते फ्रान्सिस्कन साधूच्या वेशात, अशी त्यांची कथा; राजचिन्हावर आजही तलवारी घेतलेले दोन साधू आहेत. पण श्रीमंती फार उशिरा आली. १८४८ मध्ये मांतों आणि रोकब्रून ही गावं करांना कंटाळून वेगळी झाली आणि १८६१ च्या करारात ४० लाख फ्रँकच्या बदल्यात ती रीतसर फ्रान्सला गेली. लिंबू आणि ऑलिव्ह पिकवणारा, बहुतेक सगळा मुलूख हातातून गेला. उरला एक कडा आणि एक बंदर. तेव्हा फ्रान्समध्ये जुगारघरांना बंदी होती. राजा तिसऱ्या शार्लने १८६३ मध्ये फ्रान्स्वा ब्लां या जर्मनीत कॅसिनो चालवलेल्या माणसाला बोलावलं आणि कंपनी काढली. १८६६ मध्ये कॅसिनोच्या टेकडीला राजाच्या नावावरून मॉन्टे कार्लो म्हणू लागले. १८६८ मध्ये रेल्वे आली. १८६९ मध्ये आयकर रद्द. पॅरिसचं ऑपेरागृह बांधणाऱ्या शार्ल गार्नियेनेच इथलंही ऑपेरागृह बांधलं, १८७९ मध्ये. वीस वर्षांच्या आत कंगाल खडकाचं हे रूप झालं.

यातली सर्वांत शहाणी अट मात्र सहलीतल्या गाइड घाईत सांगून टाकतात. मोनॅकोच्या नागरिकांना त्या कॅसिनोत जुगार खेळायला मनाई आहे. ओळखपत्र बघूनच जुगाराच्या दालनात सोडतात. धंदा परक्यांच्या खिशावर चालवायचा, आपल्या घरात शिरू द्यायचा नाही, हे दीडशे वर्षांपूर्वी ठरलं आणि पाळलं गेलं. शेजारच्या ओतेल द पारीमध्ये चौदाव्या लुईचा अश्वारूढ पुतळा आहे. नशीब उजळावं म्हणून जुगाऱ्यांनी त्या घोड्याचा गुडघा चोळून चोळून पितळेसारखा चकचकीत केलाय. आज सरकारी तिजोरीत कॅसिनोचा वाटा किरकोळ आहे. मोठा भाग येतो तो खरेदी-विक्रीवरच्या व्हॅटमधून. म्हणजे दुकान, हॉटेल, बांधकाम, कचेऱ्या यांतून.

जमीन नाही म्हटल्यावर ती बनवायची, हे इथलं दुसरं वेड. पश्चिमेचा फोंव्हिए भाग म्हणजे समुद्रात भराव टाकून काढलेली सुमारे २२ हेक्टर जागा. तिथलं लुई दुसरा स्टेडियम बघायला गेले तर कळलं की फुटबॉलचं मैदान गाड्यांच्या पार्किंगच्या वर आहे. आजूबाजूला बहुमजली कारखाने. सौंदर्यप्रसाधनं आणि प्लॅस्टिकचे भाग तिथे तयार होतात. रेल्वेचे रूळ जमिनीवर जागा खात होते म्हणून १९९९ मध्ये नवं स्थानक डोंगराच्या पोटात नेलं. बंदराला लाटांपासून आडोसा हवा होता, पण समुद्र इतका खोल की तळापासून भिंत उभारणं परवडेना. मग ३५२ मीटर लांबीचा तरंगता काँक्रीटचा धक्का स्पेनमध्ये बांधला, २००२ मध्ये समुद्रातून ओढत आणला आणि अवाढव्य उखळी सांध्याने किनाऱ्याला जोडला. त्याच्या पोटात पुन्हा पार्किंगचे मजले. मी त्या धक्क्यावर बराच वेळ रेंगाळले. पायाखाली दीड लाख टनांहून जास्त काँक्रीट पाण्यावर तरंगतंय, हे माहीत असलेल्या माणसाला समोरच्या यॉट कशाला दिसतील?

अगदी अलीकडचा भराव मारेतेरा, डिसेंबर २०२४ मध्ये खुला झालेला. सहा हेक्टर. समुद्रात प्रत्येकी दहा हजार टनांचे १८ काँक्रीट पेटारे बसवून त्याची बाहेरची भिंत केली. काम सुरू होण्याआधी तिथलं पोसिडोनिया नावाचं समुद्रगवत तळाच्या मातीसकट उचलून दुसरीकडे लावलं. वर उभी राहिलेली घरं कोणाला परवडतात ते सांगायला नको. पण पाण्याकाठचा फेरफटक्याचा रस्ता सर्वांसाठी आहे. भराव टाकून काढलेल्या जमिनीची कड कोणाच्या वाट्याला जाते, यावर मी गावाला गुण देते.

शर्यतीबद्दल थोडं सांगायला हवं. आता फॉर्म्युला वनमध्ये मोडणारी इथली शर्यत १९२९ पासूनची. ३.३३७ किलोमीटरचा फेरा, ७८ वेळा. शर्यतीच्या दिवसांत गॅलरीतली जागा मिळवण्यासाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. माझा सल्ला, तेव्हा अजिबात जाऊ नका. एरवी तोच रस्ता गावाचा साधा रस्ता असतो. हॉटेलखालच्या त्या प्रसिद्ध हेअरपिन वळणावरून बस जाते, शाळेची मुलं जातात. तिथे शर्यतीच्या गाड्यासुद्धा ताशी ५० किलोमीटरच्या आसपास येतात. हे वळण चालत पार केलं की उताराचा खरा अंदाज येतो. १९५५ मध्ये आल्बेर्तो आस्कारीची गाडी बंदरात पडली आणि तो पोहत बाहेर आला, ती जागा बघितल्यावर ही शर्यत घेणाऱ्यांच्या धाडसाला दाद द्यावी की त्यांना नोटीस बजावावी, ते मला ठरवता आलं नाही.

मुलं बरोबर असतील तर समुद्रविज्ञान संग्रहालय चुकवू नये. राजा पहिल्या आल्बेरला जुगारापेक्षा समुद्रात रस होता. त्याने स्वतःच्या जहाजांवर शास्त्रज्ञ नेले आणि १९१० मध्ये समुद्रावरच्या कड्यालाच चिकटलेलं हे संग्रहालय उघडलं. समुद्रसंशोधक झाक कूस्तो पुढे तीस वर्षं त्याचे संचालक होते. आल्बेरच्याच १९०१ च्या सफरीत शार्ल रिशे आणि पोल पोर्तिये यांनी जेलीफिशसारख्या एका विषारी जीवाचा अभ्यास सुरू केला. त्यातून पुढे अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी, कशी होते ते उमगलं आणि रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. हे ऐकल्यावर रूलेटच्या चाकाचा थोडा राग कमी होतो.

जेवायला चौकातल्या कॅफेत जायचं कारण नाही. ला कोंदामिनचा बाजार १८८० चा. तिथे बार्बाजुआँ मिळतात, पालेभाजी आणि रिकोटा चीज भरून तळलेले. आणि सोका, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं जाडसर धिरडंच. आपल्या शाकाहारी मंडळींचं पोट काही युरोंत भरतं. ११ वाजून ५५ मिनिटांच्या आधी राजवाड्याच्या टेकडीवर पोहोचलात तर पहारा बदलताना दिसतो. जवळच्या कॅथेड्रलमध्ये ग्रेस केलीची समाधी आहे. १९५६ मध्ये हॉलिवुडची ही नटी राजा तिसऱ्या रेनियेशी लग्न करून आली आणि या गावाचं छायाचित्र जगभर पोहोचलं.

पण मोनॅकोतलं सर्वांत बघण्यासारखं दृश्य फुकट आहे आणि सहलीच्या वेळापत्रकात बसत नाही. सकाळी लवकर नीसहून लोकल गाडीने जा. पंचवीसेक मिनिटांचा प्रवास. डोंगराच्या पोटातल्या त्या स्थानकावर दार उघडतं आणि माणसांचा लोंढा उतरतो. स्वयंपाकी, परिचारिका, बँकेतले कारकून, सफाई कामगार, गवंडी. या देशात नोकऱ्यांची संख्या रहिवाशांपेक्षा जास्त आहे आणि नोकरदारांतले बहुतेक फ्रान्समधून, काही हजार इटलीतून रोज येतात. गावात राहायला त्यांना परवडत नाही. संध्याकाळी तेच लोक त्याच गाड्यांनी परत. मुंबईकराला हे चेहरे ओळखीचे वाटतील.

तो लोंढा पाहिल्यावर मला लिफ्टचं गणित सुटलं. माझ्या मते मोनॅकोने लिफ्ट बांधल्या त्या दयेपोटी बांधल्या नाहीत. पन्नास हजारांहून जास्त माणसं वेळेवर, न दमता, चढावरच्या कामाच्या जागी पोहोचली नाहीत तर दुपारपर्यंत एकही हॉटेल चालणार नाही, एकही यॉट धुतली जाणार नाही. झगमगाटाला हातांची गरज असते आणि हातांना रस्ता लागतो. ज्याला हे कळलं त्याने सार्वजनिक सोयींवर खर्च केला.

या गावाला मी प्रशस्तिपत्र देत नाही. आयकर नाही म्हणून तिथे येऊन राहणाऱ्यांचे पैसे कुठून येतात, याची विचारपूस जगाने उगाच केलेली नाही. २०२४ मध्ये काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मोनॅकोला करड्या यादीत टाकलं. फ्रान्सने १९६३ च्या करारानेच आपल्या बहुतेक नागरिकांना तिथे करमुक्त राहण्यापासून अडवलं. पाळतीचे कॅमेरे सगळीकडे आहेत. आणि जो माणूस त्या गावाची भिंत रंगवतो, त्याला त्या भिंतीच्या आत झोपता येत नाही, हे कितीही लिफ्ट बांधल्या तरी फिटत नाही. मूळ नागरिकांना सरकार स्वस्त भाड्याने घरं देतं. रोज येणाऱ्यांना फक्त येण्याजाण्याची सोय.

तरीही जावं. चकचकीत छोटी शहरं बघायची ती त्यांचा हिशेब तपासायला. अमुक गाव श्रीमंत आहे, एवढं कळायला विमानाचं तिकीट लागत नाही. तिथे साध्या माणसाला किती अंतर चालू दिलं जातं, समुद्राची कड कोणाला मिळते, कामकऱ्याच्या गुडघ्यांचा विचार कोणी केला, हे मात्र पायी हिंडल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे सार्वजनिक सोयींची मागणी करणाऱ्याला लोकांच्या मनाच्या मोठेपणावर भिस्त ठेवावी लागते, आणि ती भिस्त बहुतेक वेळा फसते. मोनॅको सांगतं की मोठेपणा नसला तरी चालेल. आपलं गाव सकाळी कोणाच्या जिवावर चालू होतं, एवढं नीट मोजता आलं तरी पुरे. आमच्या खात्यात आकडेमोड करणारी माणसं कधीच कमी नव्हती. मोजायला काय घ्यायचं, एवढंच वरून कोणी सांगितलं नाही.