टेस्ट फेल झाली, आता कोड कोण दुरुस्त करणार?

सरकारी शाळेत स्मार्ट टीव्ही बसला की फीत कापतात, फोटो निघतात आणि वस्तीच्या ग्रुपवर 'माशाअल्लाह'चा पाऊस पडतो. टीव्हीसमोर बसलेल्या मुलाला वाचता येते का, हे मात्र कोणी विचारत नाही.

'असर २०२४' अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीची फक्त २३.४ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकतात. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा आहे, नाकारत नाही. पण चारातली तीन मुले अजून मागेच आहेत. याच अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. म्हणजे अडलेय ते यंत्रापाशी नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे टेस्ट फेल झाली की कोड दुरुस्त करतात. तीच टेस्ट दहादा चालवून कोड सुधारत नाही. शाळेत नेमके तेच चालले आहे. पायाभूत चाचणी घ्या, संकलित चाचणी घ्या, गुण ऑनलाइन भरा, हजेरी ऑनलाइन भरा. मुले वर्गात आणि गुरुजी नेटवर्कच्या शोधात! भरलेल्या आकड्यांतून 'या मुलीला भागाकार येत नाही, तिला शिकवायला माणूस पाठवतो' असे उत्तर शाळेला कधी येते?

शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा दिली. त्याआधी जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा, असेही कायदा म्हणतो. पण एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळत असेल, तर जादा शिकवणार कोण? मग शिक्षा भोगायची ती मुलानेच.

आता आपल्याबद्दल. आपल्यातले कितीतरी जण मराठी-उर्दू सरकारी शाळांत शिकलो, नोकरीला लागलो आणि आपली मुले इंग्रजी शाळेत घालून मोकळे झालो. मागे राहिली ती रिक्षावाल्याची, धुणीभांडी करणाऱ्या खालाची मुले. त्यांच्यासाठी आपण वह्या वाटतो. वह्या वाटणे सोपे, प्रश्न विचारणे अवघड.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. तुमच्या मोहल्ल्यातल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली? तिथल्या अम्मींना केवळ सहीपुरते बोलावले होते का? जा, त्यांच्या शेजारी बसा आणि मिळून तीन गोष्टी लेखी मागा: रिक्त पदे किती, चाचणीत मागे पडलेली मुले किती, आणि त्यांच्यासाठी काय केले.

टीव्ही नंतर लावा. आधी शिक्षक द्या.