‘वा, क्या बात है’च्या पुढे काही लिहाल का?

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या भजनी मंडळाचा व्हॉट्सॲप गट उघडला की एक गोष्ट हमखास दिसते. कुठल्यातरी गावच्या खंजेरी भजन स्पर्धेतले ध्वनिमुद्रण येऊन पडलेले असते आणि त्याखाली जोडलेले हात, फुले, ‘अप्रतिम’, ‘जय गुरुदेव’ आणि पुन्हा जोडलेले हात. गायले कोण, खंजेरी कोणाची, पेटीवर कोण बसले होते, मंडळ आर्वीकडचे की हिंगणघाटकडचे, साल कोणते, काही म्हणता काही पत्ता नसतो. फाइलचे नाव म्हणजे ‘एयूडी’, मग एक तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे. ती तारीखसुद्धा गाण्याची नसते, फाइल फोनवर आली त्या दिवसाची असते. शास्त्रीय संगीताच्या गटांतही वेगळे चित्र नाही. तिथे ‘अप्रतिम’ऐवजी ‘निःशब्द’ असते, एवढाच फरक. ज्याला खरोखर काही ऐकू आले, त्याने निःशब्द का व्हावे, हे मला कधी कळलेले नाही. जे संगीत दर वेळी नव्याने घडते, त्यात कलाकाराच्या कीर्तीपेक्षा त्या-त्या दिवशीच्या गाण्याची परीक्षा व्हायला हवी आणि ती नेमक्या शब्दांत, नावनिशीवार, सामान्य श्रोत्यांनीच लिहायला हवी, असे माझे मत आहे. आपल्याकडे ऐकणारे पुष्कळ आहेत, साठवणारेही पुष्कळ आहेत. लिहिणारे मात्र शोधून सापडत नाहीत.

आपल्या रागसंगीतात बंदिश दोन ओळींची असते. बाकीचा तासभर गवई तिथल्या तिथे रचत असतो. त्यामुळे अमुक गायकाचा यमन अशी एकच एक वस्तू अस्तित्वात नसते. अमुक साली, अमुक गावी, अमुक तबलजीबरोबर गायलेला यमन असतो आणि दुसऱ्या वर्षीचा दुसरा असतो. कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी ही गोष्ट झाकून टाकली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत. एलपी आली तेव्हा ती वीस-बावीस मिनिटांवर गेली. तेवढ्यात बसवलेला राग म्हणजेच तो गायक, अशी समजूत दोन पिढ्यांची झाली. खरा गायक मैफलीत होता. तो आपल्यापर्यंत पोहोचला तो रसिकांनी स्पूलवर आणि पुढे कॅसेटवर उतरवून घेतलेल्या मुद्रणांमुळे, आकाशवाणीच्या कार्यक्रमांमुळे आणि आता मोबाइलमुळे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचा आवाज मागे राहिला नाही. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत होते, तरी त्यांचेही ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या गाण्याविषयी जे काही कळते ते ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून. आज उलटी गत आहे. आवाज गीगाबाइटच्या हिशेबाने साठलाय आणि त्याच्याबद्दल धड एक परिच्छेद मिळत नाही.

विदर्भातलेच उदाहरण घेऊ. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले, नागपुरात वाढले, शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून त्यांनी मारवा घेतला. वसंतराव आणि मारवा हे समीकरण महाराष्ट्राला पाठ आहे. पण ‘वसंतरावांचा मारवा म्हणजे मारवाच’ या वाक्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काय लागते? या रागात पंचम नाही, रिषभ कोमल आहे आणि गायकाची सारी कसोटी षड्जापाशी आहे. सूर लावलेला असतो षड्जाचा आणि गाणारा त्याला चुकवत कोमल रिषभ आणि धैवतावर रेंगाळत राहतो. ऐकणाऱ्याला घरी परतावेसे वाटते, तो परतू देत नाही. मग एका मुद्रणाबद्दल श्रोत्याने लिहावे की पहिल्या षड्जावर यायला किती मिनिटे लावली, सरगम कुठे सुरू केली, लय वाढली तेव्हा तबलजीने ठेका धरून ठेवला की तोही हिरिरीने पुढे धावला, शेवटच्या तानांत दम पुरला की आवाज चिरकला. दुसऱ्या सालच्या मुद्रणाबद्दल दुसऱ्याने हेच लिहावे. अशी दहा टिपणे जमली की वसंतरावांचा मारवा काय होता, कसा बदलला, कुठे सवयीचा झाला आणि कुठे पुन्हा पेटला, हे पहिल्यांदा दिसू लागेल. विशेषणांच्या दहा ओळींतून ते दिसणार नाही, मग त्या कितीही मनापासून लिहिलेल्या असोत.

हे वेडगळ वाटेल, पण जगात एका ठिकाणी लोकांनी नेमके हेच केले आणि तेही रॉक संगीतात. १९६५ साली कॅलिफोर्नियात निघालेला ‘ग्रेटफुल डेड’ हा बँड १९९५ मध्ये जेरी गार्सिया वारल्यावर थांबला. तीस वर्षांत त्यांचे दोन हजारांहून अधिक कार्यक्रम झाले. गाणी ठरलेली, पण गाण्याच्या मधला भाग रोज वेगळा. कधी दहा मिनिटे, कधी अर्धा तास, कधी एका गाण्यातून वाजवत-वाजवत दुसऱ्यातच उतरायचे. या बँडचे एक ढोलवादक मिकी हार्ट यांनी आपल्या अल्लारखाँसाहेबांकडे तालाचे धडे घेतले आणि पुढे झाकिर हुसेन यांच्यासोबत बरेच काम केले, हे इथल्या वाचकाला ठाऊक असलेले बरे. श्रोते रेकॉर्डर घेऊन येत. बँडने त्यांना हाकलले तर नाहीच, १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागा राखून ठेवली. अट एकच: टेप विकायची नाही, अदलाबदल करायची. मग चाहत्यांनी कार्यक्रमांच्या याद्या केल्या, प्रत्येक तारखेला काय वाजले ते नोंदवले आणि त्या-त्या रात्रीवर लिहिले. लिहिले ते भक्तांसारखे नव्हे. या रात्री गार्सिया सुरात नव्हता, त्या रात्री शब्दच विसरला, ही टेप पहिल्या भागासाठी ऐका आणि दुसरा सोडून द्या, असे बिनदिक्कत. ज्यांच्या मागे हे लोक गावोगाव फिरत, त्यांच्याबद्दलच असे लिहीत. त्यांच्या प्रेमाला यामुळे ओहोटी लागली असे कुठे दिसत नाही.

या उद्योगातले धोकेही त्यांच्याकडूनच शिकायला मिळतात. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला कार्यक्रम या बँडचा सर्वोत्तम मानला जातो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो २०१२ साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला. तो चांगला आहेच. पण त्याच्या कीर्तीत बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रणकार बाईंचा वाटा मोठा आहे. त्यांचे मुद्रण विलक्षण स्वच्छ होते. साठवणीच्या जागेचे भाडे थकले म्हणून १९८६ मध्ये त्यांच्या टेपांचा लिलाव झाला आणि त्यांच्या प्रती चाहत्यांत पसरल्या. म्हणजे जे स्पष्ट ऐकू आले ते श्रेष्ठ ठरले. त्याच महिन्यातल्या इतर रात्रींचे चाहते आजही यावर कुरकुरतात आणि त्यांचे पूर्ण चुकते असे नाही. आपल्याकडे हे आणखी जपायला हवे. गावच्या स्पर्धेत मोबाइल खंजेरीजवळ ठेवला असेल तर मुद्रणात खंजेरीच खंजेरी येते आणि गाणाऱ्याचे शब्द मागे बुडतात. त्यावरून गाणारा कच्चा ठरवणे हा अन्याय आहे. मुद्रण कसे आहे हे एका वाक्यात सांगावे आणि गाणे कसे आहे हे दुसऱ्यात. गुण आणि तारे देऊन मोकळे होण्याच्या मी विरोधात आहे. पाचपैकी चार म्हटले की विचार करण्याची गरजच उरत नाही.

मराठीला संगीतावरचे लेखन नवे नाही. गोविंदराव टेंबे यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’मधून भास्करबुवांसारखे गवई आपल्याला डोळ्यांपुढे दिसतात. अमरावतीत जन्मलेल्या केशवराव भोळ्यांनी ‘एकलव्य’ या नावाने गायकांची जी चिकित्सा केली, तिच्यात भीडभाड नव्हती. पुढे अशोक रानडे झाले. पण हे लेखन बहुतेक गायकीचे, म्हणजे कलाकाराच्या एकूण कर्तृत्वाचे आहे आणि लिहिणारे स्वतः जाणते संगीतज्ञ आहेत. वर्तमानपत्रांतल्या महोत्सवांच्या बातम्यांबद्दल काय बोलावे! ‘रसिकांना मंत्रमुग्ध केले’ हे वाक्य कोणत्याही वर्षाच्या कोणत्याही बातमीत घातले तरी चालते. एकेका मैफलीचा, एकेका मुद्रणाचा हिशेब ठेवण्याचे काम या दोन टोकांच्या मधे तसेच पडून आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: तुमचा अधिकार काय? ज्याला सरगम म्हणता येत नाही त्याने पंडितांच्या तानेवर बोलावे का? आक्षेप अगदीच पोकळ नाही. अर्धवट ज्ञानावर रागशुद्धीचे निवाडे देणारे आजही कमी नाहीत आणि त्यांना आणखी व्यासपीठ नको. पण तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, असे आपणच म्हणतो ना? समेवर मान हलते तेव्हा श्रोता निवाडाच देत असतो. चुकीच्या जागी हललेली मान गवयाला पहिल्या रांगेत स्पष्ट दिसते. शिवाय मी मागतो आहे त्यातले बरेचसे निरीक्षण आहे. किती वेळ गायले, कोणता ताल, साथीला कोण, लय कुठे बदलली, कोणती ओळ पुन्हा-पुन्हा घेतली, श्रोत्यांनी दाद कुठे दिली. एवढे लिहायला पदवी लागत नाही, दोनदा ऐकावे लागते. रागाच्या व्याकरणाची चूक जाणकार दुरुस्त करतील, पण दुरुस्त करायला आधी कागदावर काही तरी असले पाहिजे. दुसरी गोष्ट, कलाकाराची भीती अशी की बिघडलेली एक रात्र कायमची कपाळी बसेल. उलट, नोंदी भरपूर असल्या तरच एक रात्र ही एक रात्र राहते.

भजनाबाबतचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि वर्ध्यात तो हमखास येणार. भजन ही साधना आहे, कला नव्हे. तिच्यावर टीका कसली, असे म्हणतात. ज्या जिल्ह्यात गांधीजींच्या आमंत्रणावरून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९३६ साली महिनाभर सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला, राहिले, तिथे ही भावना समजू शकते. पण मग स्पर्धा कशाला? खंजेरी भजनांच्या स्पर्धांत पुरुष, महिला, बाल असे गट असतात, परीक्षक असतात, सूर-ताल-शब्दोच्चाराचे गुण असतात, पहिले-दुसरे बक्षीस असते. परीक्षकाने पाच मिनिटांत दिलेला आकडा साधनेला चालतो आणि श्रोत्याने विचार करून लिहिलेला परिच्छेद चालत नाही, हे पटत नाही. महाराजांच्या भजनांचे शब्द छापलेले आहेत, ते बदलत नाहीत. पण मुख्य गायक कोणत्या ओळीवर थांबून गावाला चार शब्द सुनावतो, व्यसनावर बोलताना लय कशी खाली आणतो आणि मग खंजेरीच्या एका थापेत सगळ्या मंडळाला कसा उचलतो, हे पुस्तकात नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ चळवळीत याच जिल्ह्यातली आष्टी पेटली, त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. त्या काळात त्यांची भजने या मुलखात कशी म्हटली जात होती, कोणता शब्द जोरात पडत होता, हे आज छापील ओळींवरून सांगता येणार नाही. आजच्या मंडळांबद्दल पन्नास वर्षांनी कोणी विचारले, तर निदान ती वेळ येऊ नये.

राहिला कायद्याचा आणि संमतीचा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला स्वतःचा हक्क मिळाला. त्याच्या संमतीशिवाय मुद्रण करणे किंवा ते लोकांपुढे आणणे योग्य नाही आणि तसे करूही नये. पण हाच कायदा खासगी वापरासाठी आणि प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण वगळतो. समीक्षेसाठी सादरीकरणातला थोडा भाग रास्त रीतीने वापरायलाही तो मोकळीक देतो. ग्रेटफुल डेडच्या बाबतीतही २००५ मध्ये वाद झालाच. बँडने आपल्या ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेली मुद्रणे इंटरनेटवरून उतरवून घेण्यास बंदी केली आणि चाहते चिडले. शेवटी ती फक्त ऐकता येतील, अशी तडजोड निघाली. आपल्याला वादापर्यंत जाण्याचे कारण नाही. गाणे पसरवायला परवानगी लागते, गाण्याबद्दल लिहायला लागत नाही.

तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवसांत आणि पुढे हिवाळाभर गावोगाव स्पर्धा होतील. आयोजकांना एक विनंती करतो. मंडळ मंचावर बसले की निवेदकाने त्यांच्या स्वागतातली दोन वाक्ये कमी करावीत आणि माइकवर तारीख, गाव, मंडळाचे नाव, मुख्य गायक, खंजेरी, पेटी, तबला आणि टाळ कोणाचे, एवढे स्पष्ट सांगावे. आकाशवाणीचे निवेदक कार्यक्रमाच्या आधी साथीदारांची नावे घेतातच. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही आणि ज्या-ज्या मोबाइलवर मुद्रण चालू असेल, त्या प्रत्येकात ती नावे गाण्याबरोबर जातील.