देखरेख की तपासणी?

मनोविश्लेषक कसे तयार होतात याविषयी अलीकडे बरंच वाचलं. या विद्येत शिकाऊ उमेदवाराला तीन गोष्टी कराव्या लागतात. स्वतःचं विश्लेषण दुसऱ्याकडून करून घ्यायचं, सिद्धांत शिकायचे आणि एखाद्या अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली रुग्ण हाताळायचे. ही त्रिसूत्री बर्लिनची. १९२० साली माक्स आयटिंगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक दवाखाना काढला, तिथेच ही पद्धत रुजली आणि पुढे अनेक देशांत पसरली.

गंमत अशी, की देखरेख करणारा रुग्णाला सहसा पाहतच नाही. बंद खोलीत दोघंच असतात. उमेदवार नंतर आठवून टिपणं लिहितो आणि ती गुरूपुढे मांडतो. म्हणजे सगळी भिस्त त्याच्या सांगण्यावर! रुग्ण आईवरचा राग त्याच्यावर काढतो. त्यालाही कधी रुग्णाचा कंटाळा येतो, कधी चीड येते. हे त्याने मोकळेपणाने सांगितलं, तरच गुरूला काही उमगणार. लपवलं, तर नुकसान त्या बिचाऱ्या रुग्णाचं.

आणि नेमकी इथेच मेख आहे. अनेक संस्थांत हाच गुरू उमेदवाराच्या प्रगतीचा अहवालही देतो. ज्याच्या हातात आपला निकाल, त्याच्यापुढे कोण मन उघडं करील?

वर्गात मागच्या बाकावर निरीक्षक येऊन बसले की काय होतं, हे आम्हा शिक्षकांना कोणी सांगायला नको. चुणचुणीत मुलं पुढे येतात, घोटून झालेला धडाच पुन्हा घेतला जातो, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं होतं. शेरा ‘उत्तम’ मिळतो. पण जो धडा शिकवताना आपण अडतो, त्याबद्दल विचारायचं राहूनच जातं.

मायकेल बालिंट या विश्लेषकाने १९४८ सालीच या प्रशिक्षणावर टीका केली होती. उमेदवार फार आज्ञाधारक होतात, असं त्याचं म्हणणं. पुढे लंडनमध्ये त्याने साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट जमवले. ज्या रुग्णाने मनाला त्रास दिला, त्याच्याविषयी डॉक्टरने बोलायचं आणि इतरांनी ऐकायचं. तिथे पास-नापास नव्हतं. असे बालिंट गट आजही अनेक देशांत चालतात.

परीक्षा नकोच, असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या मनाशी खेळ आहे, कोणालाही प्रमाणपत्र देऊन कसं चालेल? पण ऐकणारा एक असावा आणि निकाल देणारा दुसरा. रुग्णाला धोका दिसला, तर मात्र ऐकणाऱ्यानेही गप्प बसू नये.

आणखी एक. पदवी मिळाली की हे सांगणं-ऐकणं संपलं, असं होऊ नये. खुद्द फ्रॉइडच्या वर कोणी गुरू नव्हता, तरी तो आपला मित्र फ्लीस याला वर्षानुवर्षं पत्रांतून आपल्या रुग्णांविषयी आणि स्वतःविषयीही लिहीत राहिला. जी विद्या सांगते की माणसाला स्वतःचं मन पुरतं दिसत नाही, तिच्या जाणकारांनी तरी ‘मला आता कोणाची गरज नाही’ असं म्हणू नये.

असो. विषय परक्या क्षेत्रातला असला, तरी प्रश्न शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या प्रत्येकाचाच आहे. तुम्हाला काय वाटतं?