कागद तपासले, खांबांचे काय?

पहिले घर घेणारा मध्यमवर्गीय माणूस कागदपत्रांच्या बाबतीत आता पुरेसा सावध झाला आहे. वकिलाकडून ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घेतल्यावाचून तो इसाराची रक्कम देत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या खांबांवर ते घर उभे असते, त्यांची पाहणी करून घ्यावी हे मात्र त्याच्या ध्यानीमनीही नसते. बँकेचा माणूस येऊन गेला व कर्ज मंजूर झाले, की घर निर्दोष असल्याची ग्वाहीच मिळाली, अशी त्याची समजूत होते.

वास्तविक बँकेचा मूल्यनिर्धारक घराकडे पाहतो तो तारण म्हणून. कर्ज थकल्यास विक्रीतून रक्कम वसूल होईल ना, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न. त्याचे शुल्क बहुधा कर्जदाराच्या खिशातून जाते. अहवाल बँकेच्या दप्तरी राहतो. गिलाव्याआड सळया गंजून फुगू लागल्या आहेत काय, वरच्या न्हाणीघराची ओल तुळईत उतरली आहे काय, याचा छडा लावणे हे त्याचे काम नव्हे.

विक्रेत्यास दोष ठाऊक आणि ग्राहक अंधारात, अशा बाजाराचे काय होते याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले. जुन्या सदनिकांना ते तंतोतंत लागू पडते. विक्रीपूर्वी दिलेला रंगाचा हात पुष्कळ काही झाकतो! मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे (१८८२) कलम ५५ विक्रेत्यावर ठाऊक असलेला दोष सांगण्याचे बंधन घालते खरे. पण साधारण काळजी घेतल्यास ग्राहकाला दिसला असता, असा दोष त्यातून वगळलेला आहे.

ब्रिटनमध्ये ग्राहक घराचे वय व अवस्था पाहून तीन प्रकारच्या पाहण्यांतून एक निवडतो. आपल्याकडे तशी रूढी नाही, म्हणून निवड स्वतःच करावी लागते. नव्या घरासाठी भोगवटा प्रमाणपत्र आणि अभियंत्याची साधी पाहणी बहुधा पुरते, कारण बांधणीतील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षे विकासकावर असते. जुन्या घरासाठी संरचना अभियंताच हवा, आणि शक्यतो पावसाळ्यात. अर्थात वय हा एकमेव निकष नव्हे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे कोसळून १६ बळी घेणाऱ्या इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती.

खरी अडचण पुढेच आहे. सदनिका एकाची असली तरी खांब सर्वांचे. एकट्या ग्राहकाला तळमजल्यापासून गच्चीपर्यंत परीक्षण करता येत नाही. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी १७ जण दगावले, तेव्हा ठपका आला तो तळमजल्यावरील फेरबदलांवर. वरच्या मजल्यावरील ग्राहकाला ते कसे दिसणार? ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण मुंबईत कायद्याने बंधनकारक आहे. मात्र तो अहवाल ग्राहकाच्या हाती आपोआप पडत नाही. सदनिका विकण्याची पूर्वसूचना संस्थेकडे येताच ताजा अहवाल ग्राहकास देणे सहकार खात्याने सक्तीचे करावे. भाव उतरतील म्हणून संस्था कुरकुर करतील. पण रखडलेल्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून उघडपणे वजा होऊ लागला, तर ती दुरुस्ती वेळेवर करण्याची निकड प्रथम रहिवाशांनाच वाटू लागेल.