मफलर कटरचे तीन स्क्रू

बारा वर्षं जुनी, सीएनजीवर चालणारी हॅचबॅक रॅम्पवर चढवलेली आहे आणि मिस्त्री तिच्या सायलेन्सरच्या टोकाशी मान वाकडी करून बसला आहे. टोकावर एके काळी चकचकणारी टिप आहे. बाजारात तिला मफलर कटर म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला तीन स्क्रू. पहिला कसाबसा फिरला. दुसऱ्याचे कोपरे पान्याखाली झिजून गोल झाले. तिसऱ्याच्या जागी नुसती तपकिरी गाठ उरली आहे. "काका, हे निघायचं नाही. कापावं लागेल," मिस्त्री म्हणतो. काकांना आतला सडलेला पाइप बदलायचा होता आणि धडधाकट असलेली टिप नव्या पाइपवर चढवायची होती. आता दोन्ही भंगारात जाणार.

हे नुकसान त्या दिवशी झालेलं नसतं. ते टिप बसवली त्याच दिवशी ठरलेलं असतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काय किंवा गावातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात काय, टिप पाच मिनिटांत चढते. ती पुढे कधीतरी उतरवावी लागेल, हा विचार त्या पाच मिनिटांत कोणी करत नाही.

टिपने गाडीची ताकद वाढत नाही आणि आवाजातही सांगण्यासारखा फरक पडत नाही. आवाज दाबण्याचं काम सायलेन्सरच्या आतल्या कप्प्यांत होतं. टिप हा टेलपाइपवरचा दागिना. त्या हौसेला नावं ठेवण्याचं कारण नाही. मोठ्या कंपन्याही तीच हौस पुरवतात. लेक्ससच्या आयएस एफ या वेगवान सेदानची चार देखणी टोकं बंपरला जोडलेली होती आणि खरे पाइप त्यांच्या मागे अलीकडेच संपत होते. याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल पिकअपचं. 2007 च्या सुमारास काजळी गाळणारे फिल्टर आले आणि साठलेली काजळी जाळताना धूर भलताच तापू लागला. तेव्हा काही गाड्यांना कंपनीनेच फटी ठेवलेली खास टिप दिली. ती बाहेरची हवा आत ओढते आणि धूर थंड करते. म्हणून कंपनीची टिप काढण्याआधी ती शोभेची आहे की कामाची, हे विचारून घ्यावं.

आता पाण्याकडे वळू, कारण स्क्रू खाऊन टाकणारं पाणी पावसाचंच असतं असं नाही. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. सीएनजीचं प्रमाण त्याहून जास्त: एक किलो गॅसमागे साधारण सव्वादोन किलो पाणी. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पण गाडी रोज भाजी आणायला नाहीतर मुलांना शाळेत सोडायला चौकापर्यंतच जात असेल तर पाइप पुरता तापतच नाही आणि पाणी आतच रेंगाळतं. टिप आणि पाइप यांच्यामधली अरुंद फट तर त्याला मुक्कामासाठी आयतीच मिळते. मालवण-रत्नागिरीकडे त्यात खाऱ्या हवेची भर पडते.

म्हणून धातू पाहून घ्यावा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो: "बघा, चिकटत नाही, अस्सल स्टील!" ही परीक्षा अर्धीच आहे. क्रोमचा मुलामा दिलेलं साधं लोखंड तिच्यात पकडलं जातं, हे खरं. पण 304 जातीचं चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही, तसंच कमी निकेलचं स्वस्त 202 सुद्धा चिकटत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने 304 लिहिलेलं बिल मागावं. स्क्रूही स्टेनलेसचेच घ्यावेत, कारण टिप चांगली आणि स्क्रू लोखंडी, हा प्रकार सर्रास चालतो.

माप अंदाजाने घेऊ नये. व्हर्नियर नसेल तर थंड पाइपाभोवती दोरा गुंडाळावा आणि त्याची लांबी 3.14 ने भागावी. घेर 160 मिमी भरला तर पाइपचा व्यास 51 मिमी. टिपचं आतलं तोंड त्याहून थोडंच मोठं हवं. फार सैल टिप स्क्रूच्या टोकांवर लोंबकळते आणि खडखडते. बंपरपासून दोन बोटं अंतर ठेवावं, कारण सायलेन्सर रबरी हँगरवर लटकलेला असतो आणि खड्ड्यात हलतो. स्क्रूच्या आट्यांना कॉपर ग्रीस लावावं. काकांच्या गाडीत नेमकं एवढंच राहिलं होतं.

काही ठिकाणी "टाका मारून देतो, पडणारच नाही" म्हणतात. याला स्पष्ट नकार द्यावा. बहुतेक गाड्यांची इंधनाची टाकी मागच्या भागात असते आणि सीएनजी गाडीचं सिलिंडर बहुधा डिकीत, म्हणजे टेलपाइपच्या जवळच. एका दागिन्यासाठी तिथे ठिणगी पाडणं हा शुद्ध अविचार आहे. शिवाय वेल्ड केलेली टिप काढायची म्हणजे पाइपच कापायचा.

काढताना घाई घात करते. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. सकाळी पाइप थंड असताना स्क्रू आधी किंचित आवळावा आणि मग सैल करावा. गंजाची पकड त्या उलटसुलट हालचालीने सुटते. टिप सरळ ओढू नये. एका हाताने टेलपाइप धरून दुसऱ्या हाताने ती डावी-उजवीकडे पिळत बाहेर घ्यावी. कापणं अटळच असेल तर हातकरवतीने टिपच्या लांबीला चीर द्यावी, आतल्या पाइपला धक्का न लावता.

पीयूसीच्या वेळीही टिप आड येऊ शकते. तपासणीची नळी पाइपात किमान 300 मिमी आत जावी लागते आणि शोभेची जाळी तिला अडवते. जाळीची टिप घेऊच नये. सायलेन्सर पोकळ करून आवाज वाढवणं हा मात्र शोभेचा नव्हे, गुन्ह्याचा मामला आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

ज्यांच्या गाडीला टिप आहे त्यांनी येत्या रविवारी गाडी धुण्याआधी, पाइप थंड असताना, तिन्ही स्क्रूंना पाना लावून पाहावा. फिरले तर ग्रीस लावून पुन्हा आवळावेत. फिरले नाहीत तर स्प्रेची बाटली आजच आणावी. पावसाळ्यानंतर ते स्क्रू पान्याला दाद देणार नाहीत.