नेता जन्मावा लागतो म्हणे!

मुरुम-उमरगा भागातल्या आपल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने नेतृत्व आणि संवाद या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरवले, की वस्तीतूनच टोमणा येतो: "कोर्स करून कुणी नेता होतं का? बाबासाहेबांनी कुठला कोर्स केला होता?" असे बोलणारे बहुतेक वेळा स्वतःला कार्यकर्ते म्हणवतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे.

बाबासाहेबांनी किती कोर्स केले ते ऐका. 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6 आणि तत्त्वज्ञानाचे 5 अभ्यासक्रम घेतले. नुसत्या कागदासाठी कुणी एवढे करत नाही. 9 मे 1916 रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. आजच्या भाषेत ती एक असाइनमेंट होती! पुढच्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. शंभर वर्षे उलटली, तरी जातीचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो टाळता येत नाही.

नेतृत्व शिकवता येते, यावरही त्यांचा विश्वास होता. जुलै 1956 मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. पहिल्या तुकडीत 15 विद्यार्थी होते. डिसेंबरमध्ये बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि मार्च 1957 मध्ये शाळा बंद पडली. त्यानंतर आपण पुतळे उभारले, गट उभारले, गटांचे गट उभारले. ती शाळा मात्र पुन्हा उभी केली नाही. मग आपल्या पोरांना नेतृत्वाचे शिक्षण बाहेर शोधावे लागले, तर दोष कुणाचा?

'नेता जन्मावा लागतो' हे वाक्य निरुपद्रवी नाही. गुण जन्माने ठरतात, हाच तर चातुर्वर्ण्याचा पाया. तो धर्मग्रंथात नाकारायचा आणि संघटनेत मात्र पुढाऱ्याच्या पोराला पुढारी मानायचे, ही कुठली आंबेडकरी निष्ठा?

आता दुसऱ्या बाजूला वळू. या शिक्षणाचाही एक बाजार झाला आहे. ताठ बसा, हसतमुख राहा, फाडफाड इंग्रजी बोला, साहेबाला खूश ठेवा, म्हणजे तुम्ही 'लीडर'. या व्याख्येत अन्यायाविरुद्ध बोलणारा माणूस बसत नाही, तो 'निगेटिव्ह' ठरतो. आपला विद्यार्थी दोन वर्षे हेच गिरवत राहिला, तर पदवी मिळेल आणि माणूस वस्तीला परका होईल.

तेव्हा कोर्स करायचा, पूर्ण ताकदीने करायचा, पण आपल्या प्रश्नासाठी वापरायचा. शिष्यवृत्ती ही खैरात नाही, तो समाजाने लढून मिळवलेला हक्क आहे. त्या पैशातून मिळालेली दोन वर्षे 'पेपर काढण्यात' घालवू नका.

प्रकल्पाचा विषय नेटवरून उचलू नका, आपल्या गावातून घ्या. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. आसपासच्या पाच गावांत ही गोष्ट वस्तीतल्या किती बायकांना माहीत आहे? माहिती कुठे अडते, कोण अडवतो? माहिती अधिकाराचा अर्ज करा, घरोघर विचारा, मांडणी करा. संवादशास्त्राचा यापेक्षा चांगला प्रकल्प कुठला प्राध्यापक सुचवणार? किंवा फेब्रुवारी 1941 मध्ये आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. हातात ना फोन ना गाड्या. निरोप गावोगाव कसा पोहोचला? खर्च कुणी उचलला? ज्यांच्या घरात या आठवणी आहेत त्या म्हाताऱ्या माणसांकडे आजच जा, उद्या उशीर होईल.

वर्गात गप्प बसू नका. इंग्रजी अडले तर मराठीत विचारा, पण विचारा. इंग्रजीही शिका, कारण कायदा, निकाल आणि संशोधन यांचा मोठा भाग त्याच भाषेत आहे. आपण सीमाभागातले. इथे मराठीला लागून कन्नड आहे, दखनी आहे. ज्याला तीन भाषांत माणसाचे दुःख समजते, त्याने स्वतःला कमी का समजावे?

भाषण जमले म्हणजे संवाद जमला, असेही नाही. इतिवृत्त लिहिणे, हिशेब मांडणे, निवेदन मुद्देसूद करणे आणि समोरच्याचे ऐकून घेणे, ही कामे शिका. आपल्या संघटना भाषणांअभावी फुटलेल्या नाहीत. त्या फुटल्या त्या हिशेब न दिल्यामुळे आणि टीका न पचल्यामुळे.

टीका पचवणे तर आपल्या धम्मातच आहे. वर्षावास संपला की भिक्खू प्रवारणा करतात. माझ्यात दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. ज्याला आज 'फीडबॅक' म्हणून पैसे घेऊन शिकवतात, ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी संघाच्या नियमात बसवले. सम्यक वाचेने खोटे, चहाडी, कठोर आणि वायफळ बोलणे वर्ज्य केले. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपला ही कसोटी लावून पाहा, किती मेसेज उरतात?

शेवटचा मुद्दा संघटनांसाठी. पदवी घेऊन परत आलेल्या पोरीला सतरंजी घालायला आणि सूत्रसंचालन करायला लावू नका. बैठकीचा अजेंडा तिच्या हाती द्या, हिशेब तिच्यापुढे ठेवा, तिचा प्रश्न ऐकून घ्या. त्या 15 जणांची शाळा अर्धवट राहिली आहे. मुरुमच्या एखाद्या बुद्धविहारात दर रविवारी दोन तास ती सुरू होऊ शकते. त्यासाठी शासनाच्या परवानगीची गरज नाही, फक्त नेता घडवावा लागतो हे मान्य करण्याची गरज आहे.

जयभीम!